निकालानंतरचे तीस दिवस

"साहेब, अपील टाकलंय ना आपण? मग बेलीफ दारात कसा?"

माण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा हा फोन मला अजून ऐकू येतो. विहिरीलगतच्या सतरा गुंठ्यांचा दावा तालुका कोर्टात त्याच्या विरुद्ध गेला होता. अपील मुदतीत दाखल होतं, त्याला नंबरही पडला होता. पण समोरच्याने दरखास्त लावली, कोर्टाने ताब्याचं वॉरंट काढलं आणि बेलीफ पंचांना घेऊन बांधावर उभा राहिला. चूक माझी होती. स्थगितीचा अर्ज मी अपिलासोबत जोडला होता, पण त्यावर त्याच दिवशी बोलून हुकूम घेतला नव्हता. नोटीस निघाली, तारीख पडली आणि मी ती निमूटपणे डायरीत लिहून घेतली. फोन ठेवून जिल्हा कोर्टात पळालो, हातापाया पडून प्रकरण बोर्डावर घेतलं, दुपारी तीनच्या सुमारास 'जैसे थे'चा हुकूम मिळाला. तोवर मोटारीचा पाइप उपटून बांधावर टाकला गेला होता.

अपिलाबद्दल लोक जे प्रश्न विचारतात, त्यांत मी म्हणूनच हा पहिला घेतो. अपील दाखल झालं की खालचा निकाल आपोआप थांबतो, असा समज गावोगावी आहे. कायदा नेमका उलट आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, ऑर्डर ४१ च्या नियम ५ मध्ये, स्पष्ट लिहिलंय की नुसत्या अपिलामुळे हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. थांबवायची तर स्थगिती मागावी लागते आणि ती देण्याआधी कोर्ट तीन गोष्टी बघतं. अंमलबजावणी झाली तर अपील करणाऱ्याचं मोठं नुकसान होईल का? अर्ज करायला त्याने उगाच उशीर लावला का? आणि उद्या अपील हरला, तर हुकूमनामा पाळण्याची काय हमी तो देतो? पैशाच्या दाव्यात ही हमी बहुतेक वेळा रोख रकमेची असते. निकालाची रक्कम किंवा तिचा मोठा भाग कोर्टात भरा, मग स्थगिती. ज्यांच्याकडे पैसेच नाहीत म्हणून दावा झाला, त्यांच्यावर ही अट फार जड पडते. तरी तिची तयारी निकालाच्या आठवड्यातच सुरू करावी लागते.

याच नियमातली एक सोय फारशी वापरली जात नाही. अपिलाची मुदत संपायच्या आत, ज्या कोर्टाने निकाल दिला त्याच कोर्टाकडे अंमलबजावणी थोडे दिवस थांबवण्याचा अर्ज करता येतो. निकाल ऐकल्या ऐकल्या, तिथेच. वरच्या कोर्टात जाईपर्यंत श्वास घ्यायला जागा मिळते. माणच्या त्या प्रकरणानंतर मी हा अर्ज कधी चुकवला नाही.

जिंकलेल्या माणसानेही स्वस्थ बसू नये. समोरचा वर जाऊन आपल्या पाठीमागे स्थगिती घेईल अशी धास्ती असेल, तर वरच्या कोर्टात आधीच कॅव्हेट टाकून ठेवता येतं. ते नव्वद दिवस टिकतं आणि त्या काळात तुम्हाला कळवल्याशिवाय, तुमचं ऐकल्याशिवाय हुकूम होत नाही. नव्वद दिवस संपले की नवं टाकावं लागतं.

आता मुदत. हिच्यापायी जितकी अपिलं मरतात, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने मरत असतील. दिवाणी दाव्याच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायचं तर तीस दिवस, उच्च न्यायालयात करायचं तर नव्वद. कुठल्या कोर्टात जायचं हे दावा कुठल्या कोर्टात चालला आणि त्याचं मूल्यांकन किती, यावर ठरतं. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्या निकालावरचं अपील जिल्हा न्यायालयातच जातं. गावाकडचे बहुतेक वाटपाचे, बांधाचे, वहिवाटीचे दावे याच पायरीवरचे. म्हणून तीस हा आकडा मनात कोरून ठेवावा.

पण हे तीस दिवस मोजायचे कसे? इथे सही-शिक्क्याची नक्कल हातात घेऊन तिच्या शेवटच्या पानावरचा शिक्का नीट वाचायला शिकलं पाहिजे. तिथे बारीक अक्षरात तारखा भरलेल्या असतात: अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, पक्षकाराने ती कधी नेली. त्या आकड्यांवर अख्ख्या वावराचं भवितव्य टांगलेलं असतं. समजा निकाल ३ मार्चला झाला. तो दिवस मोजायचा नाही. ४ मार्च हा पहिला दिवस धरला तर तिसावा दिवस येतो २ एप्रिलला. नकलेसाठी तुम्ही १० मार्चला अर्ज केला आणि नक्कल २४ मार्चला तयार झाली, तर हे दोन्ही दिवस धरून पंधरा दिवस कायदा तुम्हाला माघारी देतो. शेवटची तारीख मग १७ एप्रिल. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल, तर कोर्ट उघडेल तो दिवस चालतो.

नक्कल तयार होऊन पडली आणि तुम्ही ती महिनाभर नेलीच नाही, तर तो महिना तुमच्या खात्यातून जातो. अर्जच उशिरा केला, तर अर्जाआधीचे दिवसही जातात. लोक मला सांगतात, "नक्कल मिळाल्यापासून तीस दिवस असतात ना?" नसतात. निकालापासून असतात, आणि नकलेसाठी खरोखर लागलेला वेळ तेवढा वजा होतो. १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १२ मधलं हे गणित फार अवघड नाही, पण चुकीच्या समजावर बसून लोक अख्खी मुदत घालवतात. म्हणून निकाल लागला त्याच संध्याकाळी, घरी जाण्याआधी, नकलेचा अर्ज देऊन यावा. अपील करायचं की नाही हे नंतर ठरवा. अर्जाचा खर्च काही रुपयांत आहे.

उशीर झालाच, तर दार कायमचं बंद होत नाही. विलंब माफीचा अर्ज करता येतो. 'पुरेसं कारण' दाखवावं लागतं. आजारपण, घरातला मृत्यू, वकिलाने निकाल कळवलाच नाही, चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे घालवलेला वेळ ही कारणं चालू शकतात, त्यांचा कागद मात्र हवा. दवाखान्याची कागदपत्रं, मृत्यूचा दाखला, पत्रव्यवहार. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली अनंतनागच्या भूसंपादनाच्या प्रकरणात सांगितलं की उशिराच्या प्रत्येक दिवसाचा हिशेब पंतोजीसारखा मागू नये, न्यायाला वाट द्यावी. तेव्हापासून कोर्टं सढळ झाली. पण त्या निकालाच्या भरवशावर दोन-दोन वर्षं झोपून मग उठणाऱ्यांना कोर्टं हल्ली माघारी पाठवतात, आणि मला ते योग्यच वाटतं. दोन वर्षांत जिंकलेल्या माणसाने त्या जमिनीत विहीर पाडलेली असते, कर्ज काढलेलं असतं.

महसुली प्रकरणांची वाट वेगळी. फेरफार नोंदीवरचं अपील प्रांताकडे जातं आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार तिथे साठ दिवस असतात. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती दिवाणी कोर्टच ठरवतं. सात-बारावरच्या नोंदीसाठी पाच-पाच वर्षं महसुली अपिलं लढून मूळ दावाच न लावलेली घरं मी पाहिली आहेत.

आता ज्या प्रश्नावर सगळ्यांत जास्त गैरसमज आहे, त्याच्याकडे येऊ. "वरच्या कोर्टात आमचे साक्षीदार पुन्हा घेतील ना? खाली ते नीट बोलले नाहीत."

नाही घेणार. अपिलात खटला पुन्हा पहिल्यापासून चालत नाही. वरचे न्यायाधीश खालचं रेकॉर्ड मागवतात आणि वाचतात: दावा, कैफियत, निशाण्या पडलेले कागद, सरतपास, उलटतपास, निकाल. पहिल्या अपिलात ते वस्तुस्थितीही नव्याने तोलतात, खालच्या कोर्टाने पुराव्याचा अर्थ चुकीचा लावला असेल तर तो बदलतात. पण तोलायचं ते रेकॉर्डवर जे आहे तेवढंच. जो प्रश्न साक्षीदाराला विचारलाच गेला नाही, त्याचं उत्तर अपिलात उगवत नाही.

हे कसं घडतं ते बघायला आपल्याच इतिहासात एक खटला आहे. मराठी वाचकाला तो टिळकचरित्रातून माहीत असतो, पण अपिलाच्या डोळ्यांनी तो फारसा कुणी वाचत नाही. ताई महाराज प्रकरण. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित १८९७ साली पटकीने वारले. मृत्युपत्रात त्यांनी नेमलेल्या विश्वस्तांत लोकमान्य टिळक होते. बाबा महाराजांच्या तरुण विधवा ताई महाराज यांनी १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादेत जगन्नाथ नावाच्या मुलाला दत्तक घेतलं. त्याच वर्षी त्यांचं मन फिरलं आणि त्यांनी कोल्हापूरकडच्या बाळा महाराजांना दत्तक घेतलं. खरा दत्तक कोणता, औरंगाबादेत दत्तविधान झालंच होतं का, यावरून कोर्टकचेरी सुरू झाली.

फौजदारी बाजूने टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा खटला झाला. १९०३ साली मॅजिस्ट्रेटने दीड वर्ष सक्तमजुरी सुनावली. १९०४ च्या जानेवारीत सेशन्स कोर्टाने दोष कायम ठेवला, शिक्षा सहा महिन्यांवर आणली, आणि टिळकांना येरवड्याला नेलं गेलं. मार्चमध्ये मुंबई हायकोर्टात सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी शिक्षा रद्द करून त्यांना निर्दोष ठरवलं. तेच कागद, त्याच साक्षी, आणि तीन कोर्टांचे तीन निकाल.

दिवाणी बाजू यापेक्षा लांबली. १९०६ साली पुण्याच्या कोर्टाने औरंगाबादचं दत्तविधान खरं ठरवलं. समोरची बाजू अपिलात गेली आणि १९१० साली हायकोर्टाने तो निकाल फिरवला. टिळक तेव्हा मंडालेला होते. तिथून सुटून आल्यावर, १९१५ च्या मार्चमध्ये, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हायकोर्टाचा निकाल रद्द करून पुण्याच्या कोर्टाचा निकाल परत उभा केला. बाबा महाराजांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षं. ताई महाराज स्वतः १९०३ मध्येच वारल्या होत्या.

प्रिव्ही कौन्सिलने काय चूक दाखवली, ते आजच्या पक्षकारासाठी मोलाचं आहे. टिळक आणि त्यांच्या बाजूचे साक्षीदार खोटं बोलत आहेत अशा दिशेने हायकोर्ट गेलं होतं. पण साक्षीदारावर असा गंभीर ठपका ठेवायचा, तर तो आरोप तो पिंजऱ्यात उभा असतानाच त्याच्यापुढे स्पष्टपणे ठेवला गेला पाहिजे, खुलासा करायची संधी त्याला मिळाली पाहिजे. उलटतपासात जे तोंडावर विचारलं नाही, त्यावरून वर बसून माणसाला खोटारडा ठरवता येत नाही. हे तत्त्व आजही आपल्या कोर्टांत सांगितलं जातं. म्हणून मी पक्षकारांना विनवतो: तुमच्या दाव्यातला उलटतपास सुरू असेल त्या दिवशी कामं बाजूला ठेवून कोर्टात बसा. काय विचारायचं राहिलं ते वकिलाच्या कानात सांगा. अपिलात मांडायचं ते त्याच दिवशी तयार होत असतं.

नवा कागद अपिलात देताच येत नाही असं मात्र नाही. खालच्या कोर्टाने तो चुकीने नाकारला असेल, सगळी खटपट करूनही तेव्हा तो सापडला नसेल, किंवा वरच्या कोर्टालाच निकालासाठी तो हवासा वाटला, तर घेतला जातो. आजोबांच्या पेटीत उशिरा सापडलेलं खरेदीखत यात बसू शकतं. पेटी उघडूनच पाहिली नव्हती, असं असेल तर अवघड.

जिल्हा न्यायालयातही हरलो, तर पुढे? दुसरं अपील उच्च न्यायालयात होतं, पण तिथलं दार खूपच अरुंद आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ते दाखल करून घेतलं जातं. साक्षीदार कोण खरा, बांध कुठून जात होता, पैसे दिले की नाही, यावर दोन्ही कोर्टांनी एकच सांगितलं असेल, तर हायकोर्ट सहसा हात घालत नाही. आणि पंचवीस हजारांपर्यंतच्या निव्वळ पैशाच्या वसुलीत दुसरं अपीलच नाही. सर्वोच्च न्यायालयाकडे राज्यघटनेच्या कलम १३६ खाली जाता येतं, पण तिथे आधी परवानगी मागायची असते आणि ती द्यायची की नाही हे पूर्णपणे त्या कोर्टाच्या हाती असतं. "दिल्लीपर्यंत जाईन" हे वाक्य बांधावरच्या भांडणात मी शेकडो वेळा ऐकलंय. बोलणाऱ्याला आधी जिल्हा कोर्टातलं पहिलं अपील जीव लावून लढवायला सांगावं. वस्तुस्थितीवर पुन्हा हक्काने विचार होण्याची त्याची शेवटची जागा तीच असते.

अंतराचा प्रश्न निदान दक्षिण महाराष्ट्रापुरता हलका झालाय. मुंबईशिवाय नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि पणजी इथे उच्च न्यायालयाची खंडपीठं होतीच. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या लोकांना त्याआधी एका तारखेसाठी रात्रभर एसटीत बसून मुंबई गाठावी लागे. सावंतवाडीहून निघालेली म्हातारी माणसं फोर्टातल्या फुटपाथवर डबा उघडून बसलेली मी पाहिली आहेत. त्या भागातल्या वकिलांनी यासाठी कित्येक वर्षं आंदोलन केलं, त्याचं मोल मोठं आहे.

अपील केल्याने हाती आहे तेही जाईल का, हा प्रश्न विचारणारा माणूस मला शहाणा वाटतो. जाऊ शकतं. अर्धा दावा मंजूर झाला आणि उरलेल्या अर्ध्यासाठी तुम्ही वर गेलात, तर अपिलाची नोटीस मिळाल्यापासून महिन्याभरात समोरचा उलट हरकत घेऊ शकतो आणि मंजूर झालेला अर्धा भागही वादात येतो. फौजदारीत आरोपीला याबाबतीत संरक्षण आहे. त्याने स्वतः केलेल्या अपिलात त्याची शिक्षा वाढवता येत नाही. वाढवायची तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं आणि आरोपीचं म्हणणं आधी ऐकावं लागतं.

काही निकालांवर अपीलच नसतं. दोघांच्या संमतीने झालेला तडजोड हुकूमनामा त्यातला. लोकअदालतीतला निवाडाही अंतिम असतो. म्हणून तिथे सही करताना, मंडपातली घाई आणि नातेवाइकांचा आग्रह बाजूला सारून, तडजोडीची प्रत्येक ओळ वाचून घ्या. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. एकतर्फी निकाल झाला असेल तर मात्र दोन वाटा आहेत: अपील करा, किंवा समन्सच मिळालं नव्हतं असं दाखवून त्याच कोर्टाकडून तो रद्द करून घ्या.

फौजदारी खटल्यात मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर सेशन्स कोर्टात अपिलाला तीस दिवस, सेशन्स कोर्टाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात साठ. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर शिक्षा देणारं कोर्टच त्याला अपील करेपर्यंत जामिनावर ठेवू शकतं. वकिलाने त्याच दुपारी अर्ज द्यायचा असतो. चेक न वटल्याच्या प्रकरणात अपील करताना दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान वीस टक्के रक्कम भरायला अपिलाचं कोर्ट सांगू शकतं, २०१८ च्या दुरुस्तीपासून. आणि ज्याच्यावर गुन्हा घडला, त्या पीडितालाही आरोपी सुटला तर अपिलाचा हक्क आहे. तो २००९ पर्यंत नव्हता. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. सरकारी वकील वर जातोय का याची वाट बघत बसलेल्या आयाबापांना हे कुणी सांगतच नाही.

तुरुंगात असलेल्या माणसाचं काय? वकिलाला द्यायला पैसे नसले तरी त्याचं अपील अडत नाही. तुरुंग अधिकाऱ्यामार्फत तो ते पाठवू शकतो, आणि कोठडीतल्या कुणालाही, तशाच कुठल्याही स्त्रीला, उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे.

हा हक्क ज्या निकालांनी पक्का केला, त्यांत आपल्याकडचा एक महत्त्वाचा आहे: होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७८. विद्यापीठाच्या बनावट पदव्या करण्याच्या प्रयत्नाबद्दल एका उच्चशिक्षित माणसाला सेशन्स कोर्टाने नाममात्र शिक्षा दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ साली ती वाढवून तीन वर्षं केली. तो सर्वोच्च न्यायालयात पोचला तो चार वर्षांहून अधिक उशिराने. त्याचं म्हणणं होतं, निकालाची नक्कल मला मिळालीच नाही. उच्च न्यायालयाने ती येरवडा कारागृहाकडे वेळेत पाठवली होती. पण ती त्याच्या हातात पडली, असं दाखवणारी त्याची सही कुठेच नव्हती.

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने त्याचा अर्ज फेटाळला, कारण शिक्षा योग्यच होती. पण फेटाळताना त्यांनी देशातल्या सगळ्या तुरुंगांना बांधील असे आदेश दिले. शिक्षा झालेल्याला निकालाची नक्कल मोफत आणि तातडीने मिळाली पाहिजे. अपील करण्यासाठी लागणारी सोय तुरुंगाने करून दिली पाहिजे. वकील नेमण्याची ऐपत नसेल तर योग्य प्रकरणात कोर्टाने तो सरकारी खर्चाने दिला पाहिजे. आणि नक्कल कैद्याच्या हातात दिल्यावर त्याची लेखी पोच घेतली पाहिजे, त्याच्या स्वतःच्या सहीची.